नॉर्मल म्हणजे कुणाच्या मानानं?

गेले काही महिने सुतारकाका चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. उजवा हात मधूनच आपल्याआप हलायचा. करवत चालवणाऱ्या माणसाला याहून मोठी धास्ती कुठली? त्यात वडिलांचं दुखणं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागे. ही भीती काकांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

एकदा चहा सांडलाच. काकू हसल्या, "मला मागणी घालायला आलात तेव्हाही एवढे थरथरला नव्हतात हो!"

काकांनी मात्र उजवा हात पटकन मागे घेतला.

लेकीनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, क्षणभर पाहिले. "या वयात नॉर्मल आहे, काका."

तरी काकांच्या जिवाला चैन पडेना. लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला त्यांनी आपल्या सुतारकामाच्या खोलीत बोलावलं.

"नॉर्मल म्हणजे नेमकं काय गं?"

"नेहमीसारखं, चारचौघांसारखं. पण मूळ मजेशीर आहे, बाबा. लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. आधी नॉर्मल म्हणजे गुण्यानं पाहिल्यावर काटकोनात असलेलं, मग नियमाला धरून असलेलं. नेहमीसारखं हा अर्थ बराच नंतरचा."

"म्हणजे डॉक्टरांनी मला गुण्या लावला तो कुणाचा?"

"तुमच्या वयाच्या माणसांचा."

"ती कुठे रंधा मारतात?"

लेक हसली. काका हसले नाहीत. रोज काम सुरू करण्याआधी ते गुण्या पारखत. फळीच्या कडेला लावून एक रेघ मारायची, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी. रेघेवर रेघ बसली की गुण्या खरा. हल्ली त्यांच्या रेघा फाकत होत्या. गुण्याच कुठेतरी आपटला असेल, अशी ते मनाची समजूत घालत होते. त्यांनी गुण्या आणि पेन्सिल लेकीपुढे धरली.

"तू मारून बघ."

तिनं जीभ दाताखाली धरून दोन रेघा मारल्या. एकीवर एक, चोख.

"जमलं! गुण्या अगदी बरोबर आहे, बाबा!"

मग तिला शेजारच्या रेघा दिसल्या, बाबांच्या. तिचा चेहरा उतरला.

"उद्या पुन्हा जाऊ," काका हळूच म्हणाले. "त्यांच्यासमोर रेघा मारतो. तुझ्या आजोबांच्या दुखण्याचंही सांगतो."

"आईला काय सांगायचं?"

"मीच सांगेन."

पण बराच वेळ त्यांचं पाऊल काही स्वयंपाकघराकडे वळेना.