ओल्या खड्ड्याचं रीडिंग

मेन स्विच खाली ओढला, टेस्टर लावून दोनदा खात्री केली आणि मगच मोटरला हात लावला. खालापूर तालुक्यातली ती भातगिरणी. आदल्या दिवशी दुपारी याच मोटरचा शॉक लागून गिरणीवरचा दामू गेला होता. आणि दीड महिन्यापूर्वी याच मोटरशेजारी उभं राहून मी आठ नव्या इन्स्पेक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की इथं माणूस मरणार नाही.

मी सरकारी इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर होतो. वीज बनवणं, विकणं हे आमचं काम नव्हे. बनवणारे, विकणारे आणि वापरणारे नियम पाळतात की नाही ते बघायचं, आणि अपघात झाला की चूक कोणाची ते लिहायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी खात्याने नव्या लोकांचं ट्रेनिंग माझ्या गळ्यात मारलं. कर्जतला हॉल मिळाला. दोन दिवस वर्ग झाले, तिसऱ्या दिवशी भिवपुरीचं पॉवरहाऊस बघून आलो, चौथ्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी ही गिरणी.

विषय होता अर्थिंग. मोटरच्या पत्र्यापासून एक तार निघते आणि बाहेर खड्ड्यात पुरलेल्या पाइपाला जोडलेली असते. आतलं वायंडिंग जळून पत्र्यात करंट उतरला, तर तो या तारेने जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. मात्र खड्ड्यातली माती ओली हवी. कोरडी माती करंट घेत नाही. मग फ्यूजही उडत नाही, आणि पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून करंट जातो.

मी ऐटीत मीटरचं हँडल फिरवलं. काटा एक ओहमच्या आसपास थांबला. आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं. फर्स्ट क्लास.

"साहेब, खड्डा ओला आहे," गायकवाड म्हणाला. दहा वर्षं लाइनमनकी करून, परीक्षा देऊन वर आलेला माणूस. "बाजूचा मुरूम बघा, भेगा पडल्यात. एवढाच कसा ओला?"

"गायकवाड, तुम्ही काट्याकडे बघा. मातीकडे बघायला शेतकरी आहेत."

सगळे हसले. मीही हसलो. गायकवाडने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. मी सर्टिफिकेटवर सही ठोकली.

आणि आता मे संपत आला होता. खड्ड्यावरची फरशी उचलली. आत माती कसली, भट्टीतल्या राखेसारखी कोरडी भुकटी. मीटर लावला तर काटा थेट दुसऱ्या टोकाला.

"शेठ, यात पाणी कधी घातलं होतं?"

"तुमचं पत्र आलं तेव्हा," गिरणीमालक सरळ म्हणाला. तो काही बदमाश नव्हता. सगळ्या तालुक्यात हीच रीत. इन्स्पेक्शनचं पत्र आलं की गिरणी झाडायची, खड्ड्यात मीठ टाकायचं, पाणी ओतायचं. पत्र आम्हीच आठ दिवस आधी पाठवायचो. बॅच घेऊन जायचं, फेरी फुकट जायला नको. पाणी ओततात हे मला माहीत नव्हतं असं म्हणालो तर ती लबाडी होईल. खात्यात शिपायालाही माहीत होतं.

"तुमची सही हाय ना सायेब कागदावर?" शेठने विचारलं. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, भीती होती.

रिपोर्ट मलाच लिहायचा होता. गिरणीचं अर्थिंग निकामी होतं असं लिहिलं तर माझं सर्टिफिकेट खोटं ठरत होतं. दामूने घामेजल्या हातांनी निष्काळजीपणे मोटरला हात लावला असं लिहिलं, तर मी सुटत होतो. मग त्याच्या बायकोला भरपाई नाही, आणि वर गावभर बोभाटा, की आपल्याच चुकीने मेला.

कर्जतहून मुंबईला ट्रंककॉल लावला.

"ओले हात लिहा," आमचे साहेब म्हणाले. "प्रमोशनची यादी निघतेय. मेलेला माणूस अपील करत नाही."

"पण सर, खड्डा..."

"तुमच्या तपासणीच्या दिवशी रीडिंग बरोबर होतं ना? मग झालं तर."

बरोबर होतं. तीच तर माझी लाज होती.

मी गायकवाडची वही मागवली. त्यात त्या तारखेखाली लिहिलं होतं: खड्डा ताजा ओला. वर मीठ दिसते. रीडिंग धरू नये. त्याची नक्कल जोडून मी सगळं लिहून टाकलं, माझ्या सहीसकट. साहेबांनी रिपोर्ट दोनदा परत पाठवला, मी दोनदा तोच पुन्हा पाठवला. अखेर मंजूर झाला. दामूची चूक नाही. माझं प्रमोशन लोंबकळलं ते लोंबकळलंच.

निकाल सांगायला मी स्वतः दामूच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर थोडा फुशारूनच गेलो. त्याची बायको गंगूबाई ओटीवर बसली होती. तीही गिरणीतच झाडलोट करायची. मी तिला सोप्या शब्दांत समजावलं. खड्डा कोरडा होता, म्हणून करंट जमिनीत गेला नाही. आणि आम्ही तपासायला आलो तेव्हा तो मुद्दाम ओला केला होता, म्हणून आम्हाला कळलं नाही.



"म्हंजे तवा सुका ऱ्हायला असता, तर तुमाला गावला असता?"

"हो."

"मंग तुमी गिरन बंद केली असती?"

"केली असती."

"पानी मीच घातलं व्हतं, सायेब. चार घागरी. शेट बोलला, सायेब येनार हाय."

मी म्हणालो, "बाई, यात तुमचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

"तुमचा आसंल," ती म्हणाली. "पन घागरी मी व्हायल्या."

पुढच्या बॅचपासून मी पत्र पाठवणं बंद केलं. आधी मातीत हात घालायचा, मग मीटर काढायचा, एवढं शिकवत राहिलो. का, असं कोणी विचारलं तर दामूचं सांगायचो. गंगूबाईचं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.