भाऊजींचा धोक्यांचा तक्ता

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका धोके हुडकणारा माणूस मिरा रोडच काय, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. भाऊजी बांधकामावर सुरक्षा बघायचे, आणि घरी आल्यावरही ती नोकरी सुटत नसे. ताई माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली की हे खाली स्टूल धरून उभे, आणि तोंडानं चालू, "एक हात भिंतीला! भिंतीला!" माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना ते मांडवाचे बांबू हलवून बघत होते. सासरच्या मंडळींना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मिरा रोडच्या हाटकेश भागात जिकडे बघावं तिकडे पाया खणणं चाललेलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून भाऊजींनी मला त्यांच्या साइट ऑफिसात चिकटवलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली आणि त्यात ताईच्या जुन्या साडीखाली झाकलेला एक ढब्बू कॉम्प्युटर. भाऊजींनी हौसेनं डिजिटल कॅमेरा घेतला होता. रोज सकाळी ते साइटभर फिरून फोटो काढत आणि मी ते एक्सेलच्या तक्त्यात तारखेनं लावत असे. मोठा धोका लाल, मधला पिवळा, मिटला की हिरवा. उघडी वायर लाल, हेल्मेट नसलेला गवंडी लाल. एकदा तर जेवून घोरणारा क्रेनवालाही पिवळा झाला. ठेकेदार मला हसून विचारायचा, "क्या मॅडम, आज होली में कितने रंग?"

साइटच्या कडेला शेजारच्या प्लॉटची जुनी, उंच भिंत होती. ती आणि आमच्या पायाचा खड्डा यांच्यामधल्या पट्ट्यात मजुरांच्या सहा झोपड्या. जमीन खाडीची, भुसभुशीत. भिंतीला तडा दिसला तसा भाऊजींनी जमिनीवर चुन्याची फुली मारली, तड्याशेजारी फूटपट्टी चिकटवली आणि रोज त्याच फुलीवर उभं राहून फोटो काढू लागले. एका सकाळी मला म्हणाले, "सगळे एकापाठोपाठ भराभर दाखव." मी बटण दाबत गेले. एकेका दिवसात काही कळत नव्हतं, पण आता फट उघडत गेली आणि भिंतीची वरची कड खड्ड्याकडे झुकत गेली. भाऊजी चहा तसाच टाकून उठले.

"अरे साहब, ये दीवार मेरे बाप के जमाने से खडी है," ठेकेदार म्हणाला.

"कल मुझे निकाल दो," भाऊजी आवाज न चढवता म्हणाले. "खुदाई अभी बंद."

परभणीकडची एक बाई झोपडी सोडायला तयार होईना. "साहेब, आठ दिसांखाली तर चूल मांडली. तुमच्या फोटोपायी किती डाव उचलायची?" भाऊजींनी वाद घातला नाही. तिचं डाळीचं पातेलं उचललं आणि थेंब न सांडता रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं. मागोमाग तिच्या दोन पोरी, आणि त्यांच्यामागे बडबडत ती. संध्याकाळपर्यंत पट्टा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही. लोक हसायला लागले. तिसऱ्या दिवशी भाऊजींना मालकांचं बोलावणं आलं, संध्याकाळी भेटा म्हणून. दुपारी आम्ही डबे उघडत होतो, तेवढ्यात कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि मग धडाड्‌धड. बाहेर धुळीशिवाय काही दिसेना. धूळ बसली तेव्हा भिंत नव्हती. झोपड्यांच्या जागी विटांचा ढीग होता. त्या वेळी एरवी सगळी बिऱ्हाडं तिथं जेवायला बसलेली असत.

भाऊजींनी माणसं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. सगळी होती. मग ते तिथंच मातीत बसले आणि म्हणाले, "पाणी दे गं." परभणीच्या बाईनं पोरींना पुढे ढकललं, "पाया पडा साहेबांच्या." भाऊजी इतके लाजले की दुसरं काही सुचेना. "अगं, इथं खिळे आहेत! अनवाणी कशाला आलात?"

त्या जागी आता सात मजली इमारत आहे. बाल्कन्यांत कपडे वाळतात. ती बिऱ्हाडं तेव्हाच घोडबंदरच्या बाजूला कुठल्याशा साइटवर निघून गेली. भाऊजी निवृत्त झालेत. मध्यंतरी आम्ही भाजीला निघालो होतो, तर ते त्या फाटकापाशी थांबले.

"अंकल, किस से मिलना है?" वॉचमननं विचारलं.

"किसी से नहीं. सब लोग ठीक हैं ना?"

वॉचमन गोंधळला. "हां… ठीक हैं."

"बस," भाऊजी म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागले.