दोन मापांचा जोड

जोडे शिवण्याचं दुकान त्याला वडिलांकडून मिळालं होतं, आणि त्याबरोबर भिंतीवर टांगलेले पायाच्या आकाराचे दोनेकशे लाकडी फर्मे. दुकान गल्लीच्या आतल्या टोकाला. तिकडे चुकूनही कोणी फिरकत नसे. पन्नाशी उलटेपर्यंत तयार जोड्यांनी त्याचं गिऱ्हाईक जवळजवळ संपवलं होतं. तेव्हा त्याने ठरवलं, तयार जोड ज्यांना बसतच नाहीत त्यांच्यासाठी काम करायचं. ज्यांचा एक पाय दुसऱ्याहून लहान असतो, त्यांच्यासाठी.

असं माणूस घरातच होतं. थोरली बहीण. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय दोन मापं मागे राहिला होता. तीस वर्षं दुसऱ्या शहरात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून ती आता दुकानावरच्या खोलीत राहायला आली होती. पायाविषयी ती बोलत नसे, आणि तोही विचारत नसे.

वेबसाइट त्याच्या लेकीने केली. ती एका छापखान्यात पानं लावायचं काम करायची. तीन रविवार बसून तिने सगळं उभं केलं. मजकूर मात्र बापाचा. वर ठळक अक्षरांत त्याने लिहायला लावलं होतं, ‘पादविषमतेसाठी हस्तनिर्मित पादत्राणे’. लेक म्हणाली, जरा जड होतंय. तो म्हणाला, वजन हवंच.

महिनाअखेरीस चौसष्ट भेटी दिसल्या, तेव्हा तो खूश झाला. लेकीने नीट पाहिलं तर त्यातल्या एकावन्न दुकानातल्याच मोबाइलवरून होत्या. वेबसाइट चालू आहे ना, हे तो सकाळ-संध्याकाळ उघडून पाहत होता. उरलेल्या तेरांतल्या सहा तिच्याच होत्या.

मग त्याने हातपाय मारले. हाडांच्या डॉक्टरांकडे कार्डं ठेवून आला. एका एजंटाने वेबसाइटवर महिनाभरात गर्दी करून देतो असं सांगितलं, आणि गर्दी खरंच झाली. दिवसाला दोनशे माणसं येत आणि दोन सेकंदांत निघून जात. कुठून येत, का येत, देव जाणे. एजंटाचं काम बंद केल्यावर तीही थांबली.

एका दुपारी बहीण चहा घेऊन खाली आली. तो तळाला टाके घालत होता, मोबाइल समोर उघडा होता. तिने चष्मा लावून वरची ओळ वाचली.

“हे कोण शोधणार?”

“ज्याला गरज आहे तो.”

“मला गरज होती. मी हे जन्मात शोधलं नसतं.”

त्याने आरी खाली ठेवली. ती सांगू लागली. चौकशीच्या फोनवर लोक नंबर कसा मागत, ते तिने तीस वर्षं ऐकलं होतं. दुकानाचं नाव कुणालाच ठाऊक नसे. कोपऱ्यावरचं, हिरव्या दाराचं, जिथे छत्र्या नीट करून मिळतात ते, असं सांगत. इथेही तसंच होणार.

“मग तू काय शोधलं असतंस?” त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने तिला पहिल्यांदाच विचारला होता.

“एका पायातून चप्पल निसटते, काय करू. दोन मापांचा एक जोड मिळेल का.” तिने चष्मा काढला. “आणि दुकानदाराला काय सांगायचं.”

वडील करून देत ते जोड दणकट होते, पण तिला ऑफिसात घालायला नाजूक चपला हव्या असत. म्हणून ती दुकानातून दोन जोड घ्यायची, पाचचा आणि सातचा. सांगायची, एक माझ्यासाठी, एक बहिणीसाठी. दुकानदार विचारायचा, बहिणीला का नाही आणलं? ती म्हणायची, ती फार कामात असते. तिला बहीण नव्हती. होता तो हा एकटा भाऊ.

“उरलेल्यांचं काय करायचीस?”

“उजवी पाचची आणि डावी सातची. कुणाला देणार? माझ्यासारखीच, पण उलटी बाई सापडायला हवी होती.”

पुढचे काही दिवस ती रेघांच्या वहीत लिहीत बसली. अकरा प्रश्न, विचारणाऱ्याच्या तोंडचे, आणि खाली सरळ उत्तरं. कागदावर उभं राहून पेन्सिल कशी सरळ धरायची, माप संध्याकाळी का घ्यायचं, ही माहिती त्याने पुरवली. ‘पादविषमता’ तिने खोडली. दोन जोड मागण्याची गोष्ट घालायला मात्र तो तयार नव्हता. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं त्याचं म्हणणं.

“पाय माझा आहे, धाकट्या,” ती म्हणाली. “चव्हाटाही मीच ठरवीन.”

लेकीने ते सगळं वेबसाइटवर चढवलं. दोन महिने काहीच हललं नाही. मग दिवसाला चार, दहा, तीस माणसं येऊ लागली, आणि ती थांबून वाचू लागली. सगळ्यांत जास्त वाचलं जाई ते दुकानदाराला काय सांगायचं हेच पान. बहुतेकांना काही विकत घ्यायचं नव्हतं. आपण दुकानात काय थाप मारतो, एवढं लिहून ते जात. यांचं काय करायचं, म्हणून तो वैतागे. बहीण मात्र सकाळी दहा ते बारा बसून प्रत्येकाला उत्तर देई.

पहिली ऑर्डर एका शिक्षकाची आली. त्याने दोन्ही पाय जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूला आखून पाठवले होते. जोड घट्ट झाला, परत आला, पुन्हा करावा लागला. त्यानंतर आठवड्याला पाच-सहा जोड होऊ लागले. चाळीस वाचणाऱ्यांमागे एखादा मागवी. दुकानात आता रिकामं बसावं लागत नव्हतं, इतकंच.

एकदा एक बाई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन थेट दुकानात आली. ज्यांनी लिहिलंय त्या कुठे आहेत, असं तिने विचारलं. बहीण खाली आली, स्टुलावर बसली आणि प्रवास कसा झाला ते विचारू लागली. मोठी माणसं बोलत होती. मुलगी बहिणीच्या पायांकडे टक लावून बघत होती. आई तिला दटावणार, इतक्यात बहिणीने चपला काढल्या आणि दोन्ही पाय शेजारी शेजारी कागदावर ठेवले.

“हं,” ती मुलीला म्हणाली, “आता तुझे ठेव.”

तो मान खाली घालून पेन्सिल शोधत राहिला. मुलीचं माप निघालं एक दोनचं आणि एक साडेतीनचं. वर्षभरात दोन्ही बदलतील, असं त्याने आईला सांगितलं, आणि फर्मे निवडायला उठला.