न कापलेलं प्रकरण

माझ्या साडूंइतका सौद्याला नालायक माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. करोल बागेत गाड्यांचे पार्ट्स विकून, रोजच्या घासाघिशीतून स्वतःचं दुकान उभं केलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा मानून चला. भाजीवाल्याने भाव सांगितला की मी निम्म्यावरून सुरुवात करतो, साडू विचारतात, "इसमें से किसान को कितना मिला?" आणि उत्तर ऐकून खिन्न होऊन सांगितलेल्या भावाने भाजी घेऊन येतात. वर कोथिंबीरही मागत नाहीत!

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी केंद्र सरकारची चांगली नोकरी सोडून पीएच.डी. मांडली. विषय असा, की बातम्या आणि जाहिराती शेतकऱ्याला कसं दाखवतात. तेव्हापासून आमच्याकडे टीव्हीवर शेतकरी आला की ते रिमोट ओढून आवाज बंद करतात. "शेठ, नुसतं बघा. आता हा आभाळाकडे बघेल." आणि तो मेला खरंच बघतो! एकदा कृषी प्रदर्शनात एक फोटोग्राफर हरियाणाच्या धिप्पाड शेतकऱ्याला बूट, चष्मा काढायला लावून जमिनीवर बसवत होता. साडूंनी चष्मा उचलून त्याच्या नाकावर परत चढवला. शेतकरीच वैतागला, "रहने दो भाईसाब, इसका काम हो जाएगा तो हम भी छूटेंगे!"

सगळ्या प्रबंधाचा जीव एका प्रकरणात होता. छापून आलेल्या फोटोंतली माणसं शोधायची, फोन लावायचा आणि एवढंच विचारायचं, "फोटो निघाला तेव्हा काय करत होतात?" एक जावयाला झापत होता. एक कुल्फी खात होता. सोलापूरकडे डाळिंबं पिकवणारा माझा थोरला भाऊ रात्रभर रेल्वेत जागून दिल्लीत उतरला होता आणि स्टेशनाबाहेर जांभई देत होता. पेपरात ती जांभई बळीराजाचा टाहो म्हणून छापली! मी त्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटले, तर म्हणाले, "भावना तो सही है ना?" तो राग अजून माझ्या पोटात आहे. भावाचं म्हणणं लिहून घेतलं ते एकट्या साडूंनी.

परीक्षकांनी ठरवलं, हे संशोधन नव्हे, गप्पा आहेत. प्रकरण काढा, पदवी घ्या. मी समजावलं, "साडूभाऊ, निम्मं द्या, निम्मं राखा. व्यवहार आहे."

"शेठ, तुम्ही अर्धी क्लच प्लेट विकता का?"

"तुम्ही गिऱ्हाईक असतात ना, तर हाकलून दिलं असतं!"

"बरं, यातून कोणाला काढू? तुमच्या भावाला?"

त्यांनी एक ओळ कापली नाही, आणि पदवी गेली. त्या परीक्षकांना माझं आजही खुलं सांगणं आहे, तुमचा कागद तुमच्या कपाटात सांभाळा. आमचा माणूस त्याच्यावाचून उभा आहे.

गेल्या दिवाळीत पंगतीला सासूबाईंनी विचारलं, "काय हो, झालात का डॉक्टर?" साडूंचा घास हातातच राहिला.

"झाले!" मी दणकून सांगितलं.

साडू हळूच म्हणाले, "नाही आई. नाही झालो."

सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक करंजी वाढली. मी मान खाली घालून जेवत राहिलो. आयुष्यात एकदाच कोणाला काही फुकट द्यायला गेलो होतो, तेही त्यांनी परत केलं.