दांड्याला रंग नाय

लवू मेस्त्रीला अख्ख्या लालबागेत कुणी गोड म्हणालं नसेल, आणि त्यालाही तशी हौस नव्हती. वय सत्तरीच्या घरात, जीभ पटाशीपेक्षा धारदार. गावच्या देवीची नवी पालखी मात्र त्यानेच कोरली. फणसाचं लाकूड, कडेने वेलबुट्टी, खांद्यावर घ्यायच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना वाघाची तोंडं. लालबागेतल्या गावकीच्या खोलीत तो चार महिने लाकडाशी आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत बसला होता.

रंगाची वेळ आली तसा गावाच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष तुळशीदास मोबाइलमध्ये कुठल्याशा सोनेरी पालखीचा फोटो घेऊन हजर झाला.

"सगळी सोनेरी करायची. दांड्यासकट. वरून चकचकीत लॅकर."

"पालखीला काय फासायचं ते फास," लवू म्हणाला. "दांड्याला रंग नाय. जवसाचं तेल चोळायचं, बस. शिमग्यात पालखी नाचवतात. घामाने भिजलेल्या खांद्यावरून लॅकर साबणासारखं सरकतं. दांडा निसटला तर खाली असेल त्याची मान मोडेल."

"सरळ सांग ना, तुझी कलाकुसर रंगाखाली जाणार म्हणून पोटात दुखतंय!"

खोलीतले दहाबारा जण खो खो हसले. लवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मरा तिकडे!" म्हणून तो उठला. तुळशीदासने बाहेरचा रंगारी आणला आणि तीन दिवसांत दांडा आरशासारखा चमकायला लागला.

"पडूदे की," घरी शेवंती म्हणाली. "एकदा तोंडावर आपटले की येईल अक्कल." लवूला नवऱ्याच्या बाजूने बोलणारी बायको त्या दिवशी फार आवडली. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं. सगळ्या गावादेखत तुळशीदासचं नाक कापलेलं त्याला डोळे भरून पाहायचं होतं.

गावाला निघायच्या आदल्या दुपारी तो आपली हत्यारं आणायला खोलीवर गेला. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवर खांदेकऱ्यांची यादी लावली होती. पुढच्या खांद्याला पहिलंच नाव वैभवचं, तुळशीदासच्या मुलाचं. बापासारखाच उर्मट, लवूला कधी साधा नमस्कारही न करणारा. गेल्याच महिन्यात त्याला मुलगी झाली होती.

लवूने बापलेकांना एक सणसणीत शिवी हासडली. मग फुटक्या तावदानाची काच घेतली आणि दांडा खरवडायला बसला. जिथे जिथे खांदा टेकतो तिथला सगळा रंग काढला, लाकूड उघडं पाडलं, तेल चोळलं. काचेने बोट कापलं तरी थांबला नाही.

संध्याकाळी तुळशीदास आला. "जळकुकड्या! देवीचा दांडा विद्रूप केलास?"

"तुझ्या थोबाडाकडे बघून नाय केलं."

पुन्हा रंग द्यायला वेळच नव्हता. मंडळाने लवूचं नाव गाडीतून काढलं आणि शिमग्याला गावात पाऊल ठेवायचं नाही, असा निरोप धाडला. बेचाळीस वर्षांत त्याचा एकही शिमगा चुकला नव्हता. गाडी सुटली तेव्हा तो घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पाचव्या दिवशी शेवंतीच्या फोनवर व्हिडिओ आला. ढोल वाजत होते, वैभव घामाने निथळत पालखी नाचवत होता. नाच संपल्यावर तुळशीदासने माइक घेतला.

"जळणाऱ्यांनी दांडा खरवडला, तरी देवीने आपली लाज राखली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पालखी पडली नाय ना, म्हणजे तुम्हीच खोटे," शेवंती फणकारली. "तरी सांगत होते, पडूदे म्हणून."

लवूने व्हिडिओ पुन्हा मागे नेला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"घाम बघ त्याचा," तो म्हणाला. "आणि दांडा बघ."