बैठकीतल्या दहा खुर्च्या

अन्याय झाला माझ्या थोरल्या बहिणीवर. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, विश्रांतवाडीत, आमच्याच घरात. करणाऱ्यांत मीही होते.

त्या वर्षी मी गल्लोगल्ली पत्रकं वाटत होते: 'घरातलं भांडण कोर्टात नेऊ नका, समोरासमोर बसून मिटवा.' ताईचं लग्न मोडायला आलं तेव्हा बैठक मीच ठरवली. दोन्हीकडची पाच-पाच माणसं. मांडववाल्याकडून दहा खुर्च्या आणल्या. त्यातली एक माझी. ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही.

दाजी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. महिन्याभरात अमेरिकेला निघणार होते. त्यांचे लोणी काळभोरचे मामा घटस्फोटाचा करार टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊनच आले होते.

"कोर्टात काय हाय? नुसत्या तारखा. आत न्या, सही घेऊन या."

"मुलगी कुणाकडे?" मी विचारलं. भाची पाच वर्षांची होती.

"बापाकडं. अमेरिकेत शिकंल. तुमच्याच पत्रकात हाय ना, बसून मिटवा? मग बसलोय की!"

माझे वडील चपलांकडे बघत राहिले. कागद आत घेऊन गेले ती मीच.

ताईने तो ओट्यावर ठेवून दोनदा वाचला. हात पुसले. बाहेर येऊन मला म्हणाली, "ऊठ."

मी उठले. ती बसली.

"मामा, चहा घ्या आणि जरा गप्प बसा. संसार आम्ही दोघांनी केलाय." मग दाजींकडे वळून, "अहो, तिकडे तिला शाळेतून कोण आणणार?"

मामा उसळून उठायला लागले, तसं दाजींनीच त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"ते अजून ठरवलं नाही," ते म्हणाले.

"न ठरवताच सही मागताय?"

पुढचे दोन तास फक्त ती दोघं बोलली. कधी आवाज चढला, एकदा दाजी रडले. भाची ताईकडे राहील, दाजी इथे आले की त्यांच्याकडे, परदेशी न्यायचं तर दोघांच्या सहीनेच. तेच लिहून दोघांनी मिळून कोर्टात दिलं.

तुमच्या घरीही अशी बैठक ठरली असेल. सगळं सामोपचाराने चाललंय, हे मला सांगू नका. आधी खुर्च्या मोजा. जिचं लग्न मोडतंय तिला खुर्ची नसेल, तर स्वतः उठा, तुमची द्या. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.