साडभाऊ आणि मिरच्या खुडणारा हात

आमच्या साडभाऊंएवढा अस्वस्थ माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो यांनीच अस्वस्थ केलेला असेल. नात्याने माझे साडू, पेशाने मेंदूचे सर्जन. आठ-आठ तास एका जागी उभं राहून कुणाच्या मेंदूतली गाठ काढतील, पण माझ्या घरी पोह्यांची बशी रिकामी होईस्तोवर त्यांच्याने खुर्चीत बसवत नाही. बशी हातात घेऊन गॅलरी, गॅलरीतून स्वयंपाकघर, तिथून थेट माझ्या डोक्यापाशी. मला टक्कल आहे, आणि ते टक्कल साडभाऊ शाळेतला फळा समजतात. धाकट्या मेहुणीच्या लग्नात भर मांडवात त्यांनी बॉलपेनने माझ्या डोक्यावर रेघा ओढल्या. "हालू नको गा! हा तुझा अंगठा, ही बोटं, हे खाली ओठ. डाव्या बाजूनं उजवा हात चालते, समजलं?" समजलं कसलं डोंबल! नवरानवरीशेजारच्या फोटोत मी आजही तसाच उभा आहे, आणि बायको तो अल्बम पाहुण्यांना आवर्जून दाखवते.

गेलं वर्षभर त्यांच्या मागे एकच खूळ लागलेलं. मेंदूवर तारांची पातळ पट्टी ठेवायची. माणसाने हात हलवायचं मनात आणलं की पट्टीने ते टिपायचं आणि पडद्यावरचा बाण हलवायचा. यंत्र दोन इंजिनियरांचं. मग तुमचं काय काम, असं मी एकदा विचारलं आणि दीड तास अडकलो. पट्टी नेमकी कुठे ठेवायची, तार केवढी चालेल, जखम चिघळली तर काय, प्रत्येक गोष्टीवर यांचं त्यांच्याशी भांडण. इंजिनियर म्हणाले, तार जरा जाड असती तर बरं झालं असतं. साडभाऊ कडाडले, "डोकं आहे बापा ते, मीटरची पेटी नाही!"

पहिली चाचणी भिवापूरच्या एका बाईंवर ठरली. सगळा जन्म मिरच्यांची देठं खुडण्यात गेलेला. मेंदूत रक्तस्राव झाला, अंग गेलं आणि वाचाही गेली. सगळं ऐकू येई, समजे; हलत फक्त पापण्या. साडभाऊंनी सगळे धोके समजावले, तेव्हा 'हो' बाईंनी पापणी मिटूनच सांगितलं. पट्टी बसली, आणि बाण काही हलेना. इंजिनियर रोज सांगत, "मावशी, मनात चेंडू पकडा." एक आठवडा गेला, दोन गेले. ठरलेल्या दिवसापर्यंत खूण मिळाली नाही तर पट्टी मुदतीआधीच काढून टाकायची होती. साडभाऊ माझ्या घरी येऊन नुसत्या येरझारा घालत. "त्या माउलीनं माझ्या भरवशावर डोकं उघडू दिलं. काहून उघडलं मी?"

एका रविवारी त्यांनी मला गाडीत कोंबलं आणि भिवापूर गाठलं. कशाला, ते सांगतील तर शपथ! तिथे मिरच्यांच्या ढिगापाशी बायकांमध्ये फतकल मारून बसले आणि देठं खुडू लागले. एक म्हातारी हसत म्हणाली, "असं नाही जी डाक्टर! हाताकडे पाहू नका. बोटाले आपोआप समजते." दोन तास खुडल्यावर या शहाण्यांनी विसरून डोळे चोळले. मग काय, परतताना गाडी माझ्या गळ्यात. अर्ध्या वाटेत, डोळ्यांवर ओला रुमाल धरून ते एकदम ओरडले, "गाढव आहोत आम्ही! तिनं जन्मात कधी चेंडू पकडला का?"

दुसऱ्या दिवशी मीही हट्टाने दवाखान्यात बाईंच्या खोलीत गेलो. साडभाऊ सुजलेल्या डोळ्यांनी खाटेवर वाकले. "मावशी, चेंडू गेला उडत. मिरच्या खुडा." बाण थरथरला, मग सरकला. चार दिवसांनी तो पडद्यावरच्या घंटीपर्यंत पोचला आणि घंटी वाजली. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली लेक धावली. "काय पाहिजे वं माय?" पडद्यावर पाणी होतं, पंखा होता, कूस बदलणं होतं. बाईंनी त्यातलं काहीच निवडलं नाही, पुन्हा घंटीच वाजवली. पुन्हा लेक, "काय वं माय?" त्या दिवशी त्यांनी लेकीला किती वेळा बोलावलं कोण जाणे. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

पण चाचणी ती चाचणी, शेवटी पट्टी काढायचीच, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मुदत संपली, पट्टी निघाली, बाई घरी गेल्या. कपाटाएवढं ते यंत्र इंजिनियर हाताशी असल्याशिवाय चालत नाही, ते भिवापूरला कोण नेणार? ते लहान कसं करायचं यावर साडभाऊंची भांडणं अजून चालूच आहेत. परवा त्यांनी तब्येत विचारायला लेकीला फोन लावला, मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "बरी आहे जी माय. आता घंटी नाही ना, तं मीच हातातलं काम टाकून जाते अन् विचारते, काय वं माय, बोलावलं का? हरबार पापणी मिटून हो म्हणते."